मामाजींनी तपासलेली वेबसाइट

हसणार असाल तर आधीच हसून घ्या, कारण माती मी माझ्याच हातानं खाल्ली आहे!

गोंदियात बसून मी पुण्याच्या एका कंपनीची वेबसाइट बनवली होती. शेतीची अवजारं विकणारी. मालक खूश झाले तर वर्षभराचं काम मला, नाहीतर राम राम! त्यांची अट एकच. एखाद्या खऱ्या शेतकऱ्यानं घरबसल्या ती वापरायची, मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं, आणि आपण इकडून त्याची स्क्रीन बघत ऐकायचं.

खरा शेतकरी म्हणजे कोण? केशोरीचे माझे सासरे! धानाची शेती, मेहुण्याचा लॅपटॉप, आणि जीभ अशी की सरपंचसुद्धा रस्ता बदलतो.

मी सांगितलं, "मामाजी, पुण्याच्या एका पोरानं बनवली आहे. बिनधास्त बोला." नियमच असतो हो तसा, बनवणाऱ्याचं नाव सांगायचं नाही.

मालक पुण्याहून कॉलवर, माइक बंद करून. मी मामाजींना म्हणालो, "फवारणीचा पंप विकत घ्या."

"पंप कुठी हाये? हे फोटोतली बाई काऊन हासून राहिली? अन् इळा उलटा धरला हिनं!"

मालकांचा मला मेसेज आला, 'उत्तम! बोलू द्या.'

"हिरव्यावर हिरवी अक्षरं! कोणं बनवली जी हे? त्याले डोळे हायेत का नाई? जावईबापू, त्या पोराले पाठवा माह्याकडं चिखलणीले!"

तो हिरवा मी जीव ओतून निवडला होता! कानशिलं तापली माझी. गप्प बसायचं, एवढंच तर काम होतं. जमलं का? छे!

"मामाजी, मीच बनवली!"

तिकडे मागून सासूबाई, "अवो, जावयाच्या कामाले नावं ठेवून राहिले का तुमी?"

आमच्याकडे जावयाच्या कामात खोट काढणं म्हणजे घोर पाप. झालं!

"नाई नाई, हिरवा कसा थंडगार वाटते डोळ्याले! बाई तर लय गुणाची हाये. इळा असाच धरा लागते!"

"आणि पंप?"

"सापडला ना!"

स्क्रीनवर मामाजी ताडपत्री विकत घेत होते.

"मामाजी, ती ताडपत्री आहे."

"मंग? पंप कायले पाह्यजे? ताडपत्रीच लागत होती मले!"

मालकांनी माइक उघडला, "थँक यू" म्हणाले आणि कॉल बंद. काम दुसऱ्या मुलाला गेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

काही दिवसांनी मामाजींचा फोन. कंपनीनं त्यांच्याकडून परस्पर नवी वेबसाइट तपासून घेतली होती.

"जावईबापू, नवी पाह्यली! पंप चुटकीत सापडला. आता सांगतो, पयली भंगार होती. पण हे? मन लावून बनवली तुमी! मी मालकाले सांगूनच टाकलं, माह्या जावयाचं काम हाये म्हणून!"

ती त्या दुसऱ्या मुलानं बनवली होती.

म्हटलं, "तुमचा आशीर्वाद, मामाजी!"