हलीमाखालांची कंबर

उदगीरच्या बाजारात बांगड्या भरणाऱ्या साऱ्या बाया पोतं अंथरून खाली बसत. हलीमाखाला तेवढ्या उभ्या. छातीइतक्या उंच टेबलावर त्यांचा माल मांडलेला असे आणि गिऱ्हाईक बाईलाही उभ्यानंच हात पुढं करावा लागे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा न राहवून कारण विचारलं. माझी बोटं हलकेच दाबत त्या म्हणाल्या, "बसले की उठवायला चार माणसं लागतात बेटा. अन् त्या चौघांना अजून टाइम हाय."

मी तहसील कचेरीत नुकतीच लागले होते आणि त्यांच्याच गल्लीत भाड्यानं राहत होते. दुष्काळाचं वर्ष होतं. लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं. आमच्याकडं टँकर यायचा, तोही लांब मोठ्या रस्त्यावर थांबायचा. खाला सकाळी तिथून घागरी आणत आणि मग दिवसभर बाजारात उभ्या राहत. कंबर कित्येक वर्षं दुखत होती. मुलगा रफिक म्हणायचा, अम्मी, दुकान बंद कर, घरी पडून राहा. "पडून राहायला मी काय चटई हाय?" एवढंच त्या म्हणत.

शेवटी मीच त्यांना गावातल्या एका डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी एमआरआयचे फोटो उजेडात धरले आणि मणक्यातली गादी सरकलीय म्हणाले. ऑपरेशन करा, नाहीतर सोसा. खालांनी विचारलं, दुखतंय ते त्या गादीमुळंच कशावरून? डॉक्टर वैतागले. घागरी वाहणाऱ्या सगळ्याच बायांच्या कमरा दुखतात, असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

"मग सगळ्यांनाच तपासा की," खाला शांतपणे म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बाया घेऊन त्या खरोखरच दवाखान्यात हजर झाल्या. कुणी भिंतीला टेकलं, कुणी जिन्यात बसलं. आवाज कुणीच केला नाही, पण हललंही कुणी नाही. डॉक्टरांनी दुपारपर्यंत एकेकीला तपासलं, आणि खालांना लातूरच्या एका पेन क्लिनिकचं, म्हणजे जुन्या दुखण्यांवर उपचार करणाऱ्या दवाखान्याचं, नाव लिहून दिलं.

तिथली डॉक्टरीण तरुण होती. फोटो बाजूला ठेवून ती आधी म्हणाली, एका बोटानं दाखवा, नेमकं कुठं? खालांनी उजवीकडं, कमरेखालच्या खळीवर बोट ठेवलं आणि क्षणभर ते तसंच राहू दिलं. "इतक्या वर्षांत बोट ठेव म्हणून कुणी म्हटलं न्हाई," त्या मला म्हणाल्या.

डॉक्टरणीनं उलगडून सांगितलं. सरकलेली गादी या वयात पुष्कळांच्या फोटोत दिसते, त्यांना दुखत नसलं तरी. पाठीचा कणा खाली कमरेच्या हाडाला जुळतो, त्या सांध्याचा संशय होता. आधी एक्स-रेच्या पडद्यावर बघत तिथं बधिर करायचं औषध सोडायचं. काही तास दुखणं थांबलं तर संशय खरा. मग दुखणं वाहून नेणाऱ्या बारीक नसा गरम सुईनं जाळायच्या. चिरफाड नाही, संध्याकाळी घरी. पण नसा पुन्हा वाढतात. आराम काही महिने टिकेल, कदाचित वर्षभर. व्यायाम सोडायचा नाही. आणि काहींना गुणच येत नाही.

"खरं बोलली," म्हणत खाला टेबलावर पालथ्या झाल्या.

पहिल्या सुईनंतर त्या बाहेरच्या बोळात चालून आल्या. मग कुणाला न विचारता फरशीवर मांडी घालून बसल्या. नर्स धावली. खाला आधाराशिवाय उठल्या आणि पुन्हा बसल्या.

पुढच्या खेपेला गरम सुई झाली. निघताना डॉक्टरणीनं बजावलं, घागर उचलायची नाही. खाला म्हणाल्या, हे मला नका सांगू, कागदावर लिहा. तो कागद त्यांनी आमच्या साहेबांच्या टेबलावर ठेवला. "टँकर गल्लीत आणा. न्हाईतर माझी सुई फुकट जाईल, अन् मग मला उचलून लातूरला तुम्हीच न्या." मी खाली मान घालून फायली चाळत राहिले. त्याच आठवड्यात टँकर गल्लीच्या तोंडाशी थांबू लागला.

उदगीर जिल्हा व्हावा म्हणून तेव्हा कचेरीसमोर धरणं चाललं होतं. खाला मंडपात पहिल्या ओळीत जाऊन बसल्या. कुणीतरी सुचवलं की बायांनी घरी जावं. त्यांनी ऐकून घेतलं. "जिल्हा झाला तर मोठा दवाखाना यील. आता बसता येतंय, तर बसणार," म्हणाल्या, आणि दिवस मावळेपर्यंत बसल्या. जिल्हा काही झाला नाही.

पुढच्या वर्षी दुखणं परतलं. रफिक म्हणाला, सांगितलं होतं ना, सगळं वाया गेलं. लातूरच्या एसटीची वाट बघत खाला पिशवी घेऊन उभ्या होत्या.

"वर्षभर खाली बसून जेवले. नातीला मांडीवर झोपवलं. ते वर्ष माझ्याकडून कोण परत घेणार हाय?"

बस आली आणि त्या एकट्याच चढल्या. दुसऱ्या गरम सुईनंही गुण आला, पहिल्यापेक्षा थोडा कमी.

मग माझी नांदेडला बदली झाली. बऱ्याच वर्षांनी एका दुपारी रफिकचा फोन आला. आदल्या दिवशी खाला लग्नघरी नवरीचा चुडा भरून आल्या होत्या, सकाळी छातीत कळ आली आणि गेल्या, असं त्यानं सांगितलं. "कमरेनं न्हाई गेली अम्मी," तो म्हणाला. मी हो म्हटलं, तरी त्यानं ते पुन्हा सांगितलं, आईच्या बाजूनं कुणाशी भांडत असल्यासारखं.