पडद्यावरची माझी पाठ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि तिला तर मी दाढदुखीसुद्धा सांगतो. दिवाकरला सांगायला कितीदा तोंड उघडलं — आणि दरवेळी चहा मागवला. आज तुम्हाला सांगतो. तुम्ही लांबचे आहात म्हणून जमतंय की काय, कोण जाणे.

सध्या आमच्या मूल गावात जो भेटतो तो एकच विचारतो — आपला सिनेमा जिंकते काय? आपला म्हणजे आमच्या शिवारात शूटिंग झालेला. मुंबईच्या मोठ्या पुरस्कारांसाठी त्याला नामांकन मिळालं आणि गाव हवेत गेलं. राईस मिलवाल्याला त्यात त्याच्या मिलचं धुराडं दिसतं, भाजीवालीला तिची शेळी दिसते. सिनेमातली नदी आमच्याकडची, असं ब्रह्मपुरीचे लोक म्हणतात, त्यावरून जीपमध्ये भांडणं होतात. आणि चौकातल्या बॅनरवर हार घातलेला फोटो आहे — माझा! कारण सिनेमात गावचा माणूस एकच. मी. खरं म्हणजे माझी पाठ.

माझं बिछायत केंद्र आहे. मंडप, खुर्च्या, सतरंज्या, माइक. धान कापून शेतातल्या बांध्या मोकळ्या झाल्या की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, रात्री नाटकं लागतात. मंडप माझा, पडदा माझा, पडद्याची दोरी ओढणाराही मीच. आणि पडद्यापुढे दिवाकर. माझा लहानपणापासूनचा दोस्त. दिवसा धान पिकवतो, पण स्टेजवर उभा राहिला की मागच्या सतरंजीवरची म्हातारी पदर डोळ्याला लावते. वर्षानुवर्षं दोरी धरून मी त्याच्या टाळ्या ऐकल्या. आवडायचं मला. आवडायचंच — पण दरवेळी आवडायचं, असं म्हणू शकतो का मी?

सिनेमावाल्यांनी मंडप माझ्याकडूनच घेतला. दिग्दर्शकांनी दिवाकरला पाहिलं आणि एक वाक्य म्हणून दाखवायला सांगितलं. वाट चुकलेली नायिका खळ्यावर येते, तेव्हा धान चुरणारा शेतकरी तिला म्हणतो — "थांब वो माय, उपाशी नोको जाऊ. पेज पिऊन जाय." दिवाकर म्हणाला आणि लाइटवाला पोरगा हातातली वायर सोडून बघायला लागला. "बघू, कळवतो," दिग्दर्शक म्हणाले. त्यानंतर हा गडी ते वाक्य बायकोला म्हणे, बैलांना म्हणे, माझ्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकालाही म्हणे.

मग एके दुपारी दिग्दर्शक मला म्हणाले, "उद्या सकाळी खळ्यावरचा सीन आहे. दिवाकरभाऊच करतील. तेवढा निरोप द्या."

निरोप द्या. एवढंच तर होतं.

संध्याकाळी दिवाकर आपणहून दुकानात आला. चामोर्शीकडच्या एका मंडईत नट आजारी पडला होता, तिथून त्याला बोलावणं आलं होतं. मंडईला नाही म्हणणं त्याच्या रक्तात नाही. तरी दारातच थांबून त्यानं विचारलं, "रशीद, शूटिंगचं काई बोल्ले काय? नाईतर मी जातो तिकडं."

मी सतरंजीची घडी घालत होतो. मान वर न करता म्हणालो, "काई नाई बोल्ले. जाय तू बिनधास्त."

का म्हणालो? — ते मला तेव्हाही ठाऊक होतं. एकदा, फक्त एकदा, दोरी दुसऱ्या कुणीतरी ओढावी, असं वाटत होतं.

सकाळी मी सांगितलं की दिवाकर नाटकाला गेला, निरोप दिला तरी थांबला नाही. हो, हे दुसरं खोटं. दिग्दर्शकांचं तोंड उतरलं. मी म्हणालो, मी उभा राहतो. कॅमेरा सुरू झाला आणि — काय सांगू? ते वाक्य मी इतक्यांदा ऐकलेलं, पण तोंडातून बाहेर पडेना. पुन्हा पुन्हा घेतलं. शेवटी दिग्दर्शक दमून म्हणाले, "भाऊ, तुम्ही पाठ करून उभे राहा. वाक्य राहू द्या." म्हणून सिनेमात पेज नाही, माया नाही. नुसती पाठ आहे.

दिवाकर परत आला, त्याला कळलं. मला वाटलं, आता हा बोलणं टाकणार. त्यानं मला मिठी मारली! "बरं झालं तू होता. नाईतर आपल्या गावचं कोनीच दिसलं नसतं." चौकातला बॅनर त्यानंच लावला आहे. हारही त्यानंच निवडला, झेंडूचा. जो भेटेल त्याला सांगतो, "पाठीनं काम करनं सोपं नाई, बापा."

मागच्या आठवड्यात आम्ही बाजाराच्या पटांगणात पडदा बांधून गावाला पुन्हा सिनेमा दाखवला. माझी पाठ आली तशा शिट्ट्या सुरू झाल्या. तेवढ्यात दिवाकर उठला, हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि नाटकातल्या त्या भरदार आवाजात म्हणाला, "थांब वो माय, उपाशी नोको जाऊ. पेज पिऊन जाय." पडद्यावरची पोरगी नेमकी तेव्हाच थांबली. सारं पटांगण टाळ्यांनी दणाणलं. बायका डोळे पुसत होत्या.

खाली बसून त्यानं माझ्या मांडीवर थाप मारली. "तुझं वाक्य कापलं ना त्यायनं. म्हनून मी बोल्लो तुझ्यासाठी."

मी तेव्हाही चहाच मागवला.

आता पुरस्काराच्या दिवशी चौकात मोठा टीव्ही लागणार आहे. खुर्च्या माझ्याच. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची दिवाकरनं माझ्यासाठी राखून ठेवली आहे, आणि शेजारची स्वतःसाठी. मी तिथं बसेन.

वाक्य माझं नव्हतं. त्याचं होतं. मी ते त्याच्याकडून घेतलं, आणि मला ते बोलताही आलं नाही.