डोंगरीचा चढ आणि मिठाचा ट्रेलर

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं असेल. लष्कराने लिलावात काढलेला एक दोनचाकी ट्रेलर माझ्या नवऱ्याने मोरव्याला आणला आणि आमच्या अंगणात उभा केला. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. त्या ट्रेलरची मला जेवढी भीती वाटली, तेवढी नंतरच्या आयुष्यात फार कशाची वाटली नाही.

लढाईच्या काळात हे लष्कराच्या मोटारी चालवायचे. परत आल्यावर यांनी एक जुनी मोटार मिळवली, तिचं मागचं अंग कापून काढलं आणि तिथे फळ्यांचा हौदा बसवला. गाव त्याला ट्रक म्हणायचं. आमचं मिठागर होतं आणि उत्तनच्या लोकांना मासे खारवायला मीठ लागायचं. सासरे ते बैलगाडीने पोचवायचे, त्यात अख्खा दिवस जायचा. ट्रकला ट्रेलर जोडला की चार गाड्यांचं मीठ एका खेपेत जाईल, असा यांचा हिशोब.

मला बरोबर न्यायचं कारण एकच होतं. ट्रकचा हातब्रेक चढावर धरत नसे. गाडी थांबली की मी उडी मारायची आणि मागच्या चाकाखाली दगड सरकवायचा. दोन मोठे दगड माझ्या पायाशीच ठेवलेले असायचे.

पहिल्याच खेपेला मला ते दिसलं. ट्रेलर जोडला आणि पोती भरली, तसा ट्रक मागून वीतभर खाली बसला आणि त्याचं नाक वर झालं. मागच्या पायांवर बसलेल्या कुत्र्यासारखा. आत बसल्यावर समोरचा रस्ता जवळचा दिसेना, लांबचाच दिसायचा. एकदा निघायला उशीर होऊन वाटेत दिवेलागण झाली. यांनी दिवे लावले, तर उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी ताडांच्या शेंड्यांवर. पुढे खड्डा आहे की माणूस, काही कळेना.

"अहो, पुढची चाकं जमिनीला टेकतायत ना?" मी विचारलं.

"नाहीतर काय उडतायत?" हे म्हणाले. पण स्टिअरिंगचं चक्र दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, ते मी पाहिलं.

त्यानंतर खेपेच्या आदल्या दिवसापासून मला जेवण जाईनासं झालं. सासूबाईंना वाटलं, काही गोड बातमी असेल. नवऱ्याच्या हातावर विश्वास नाही असं सांगायचं तरी कसं?

ते घडलं उन्हाळ्याच्या तोंडाशी, भर सकाळी. वाटेत उत्तनची एक म्हातारी कोळीण भेटली. भाईंदरच्या बाजारात मासळी विकून रिकाम्या टोपल्या घेऊन ती पायी घरी चालली होती. यांनी तिला हौद्यात पोत्यांवर बसवून घेतलं. म्हणजे मागे आणखी एका माणसाचं वजन.

डोंगरीच्या अलीकडे चढ लागतो, आणि चढ संपत आला की रस्ता डावीकडे वळतो. उजव्या हाताला तेव्हा कठडा नव्हता. खाली करवंदीची जाळी आणि त्याखाली दगड. चढाला लागलो तसं ट्रकचं नाक आणखी वर गेलं. मला काचेतून नुसतं आभाळ दिसत होतं. वळण आलं. यांनी चक्र डावीकडे फिरवलं. आणखी फिरवलं. ट्रक मात्र सरळ चालला होता.

उजवीकडची कड जवळ येताना दिसली, मग दिसेनाशी झाली, आणि पुढचं उजवं चाक धपकन खाली गेलं. ट्रक पोटावर टेकला आणि थांबला.

"दगड," हे हळूच म्हणाले. "हलू नको जास्त. उतर आणि दगड लाव."

कशी उतरले ते आठवत नाही. ट्रेलर मागे ओढत होता, हुकातून करकर आवाज येत होता. मी एक दगड लावला, दुसरा माझ्या हातातून निसटून पायावर पडला. तेवढ्यात म्हातारी हौद्यातून उतरली, तो दगड तिने उचलला आणि दुसऱ्या चाकाखाली पायाने ठोकून बसवला. मग तिने छातीवर क्रुसाची खूण केली.

"रडू नको गो," ती मला म्हणाली. "जीव हाय ना अंगात? मग उठ, पोती उतरवू."

आम्ही तिघांनी ट्रेलरमधली पुढची पोती उतरवली, आणि काय सांगू, ट्रकचं नाक डोळ्यांदेखत खाली आलं. डोंगरीहून माणसं आली, त्यांनी दोर लावून चाक वर काढलं. म्हातारी तिथून पुढे उत्तनला चालतच गेली. गाडीत बसायला तिने हात जोडून नकार दिला.

घरी यांनी कोणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी लोहाराकडे जाऊन मागच्या स्प्रिंगांना दोन-दोन पाटे वाढवून आणले. "आता नाही बसणार खाली," म्हणाले. खरंच रिकामा ट्रक मागून उंच दिसायला लागला. पण माझ्या पायाला झालेली जखम सासऱ्यांनी पाहिली होती. त्यांनी विचारलं आणि माझ्याच्याने खोटं बोलवेना. सगळं सांगून टाकलं.

सासरे त्या मोटारीजवळ कधी फिरकत नसत. त्या दिवशी आले. मीठ भरलेल्या ट्रेलरची पुढची दांडी ट्रकच्या हुकातून सोडायला लावली आणि मुलाला म्हणाले, "दांडी उचल."

यांनी जोर लावला. दांडी जागची हलली नाही. गड्याला हाताशी घेतलं, तरी जेमतेम वीतभर उचलली.

"जू जड झालंय," सासरे म्हणाले. "बैल असता तर मान मोडून मेला असता. तुझा ट्रक बोलत न्हाय म्हणून तुला कळलं न्हाय."

"पण मी पाटे वाढवलेत," हे म्हणाले.

"त्यानं मागचं उचललं. पुढच्या चाकावर वजन आलं का? पोती सगळी पुढं का रचतोस?"

"मागची फळी मोडकी आहे. पोती पडतात."

"मग फळी नीट कर की. त्यापायी माणसं मारायची व्हय?"

फळी दुरुस्त झाली. हौद्यातली पोती आमच्या बसायच्या जागेला लागून पुढे सरकवली. ट्रेलरमधली पोती मागे घेतली, पण यांनी रागाच्या भरात ती फारच मागे नेली. दांडी आता एका हाताने वर येत होती. सासरे घरात गेले होते, त्यांना न विचारताच हे मला घेऊन मिठागरांमधल्या सरळ रस्त्यावर निघाले. दोन्ही बाजूंना पाणी. जरा वेग आला आणि पाठीमागून ट्रेलर डावी-उजवीकडे हेलकावे खायला लागला. प्रत्येक हेलकाव्याला आमच्या ट्रकचं मागचं अंग ओढलं जात होतं. मी दाराची कड धरली आणि डोळे मिटले. यांनी ब्रेक मारला नाही, नुसता पाय वर घेतला. हळूहळू गाडी थांबली. पाण्याच्या कडेपासून आमचं चाक हातभर लांब होतं.

आम्ही चालतच परत आलो. सासऱ्यांनी एवढंच विचारलं, "उलाळ झाली?" बैलगाडी मागे जड होऊन जू वर उचललं जातं, त्याला उलाळ म्हणतात. यांनी होकाराची मान हलवली.

मग बापलेकांनी मिळून ते काम केलं. बहुतेक पोती चाकांच्या वर, थोडीशीच पुढे. एका माणसाला दांडी उचलायला कमरेत वाकून जोर लावावा लागला, पण उचलता आली. सासऱ्यांनी बांबूची एक काठी घेतली. ट्रेलर जोडायच्या आधी जमिनीपासून ट्रकच्या मागच्या चाकावरच्या पत्र्यापर्यंत एक खूण आणि पुढच्या चाकावरच्या पत्र्यापर्यंत दुसरी. जोडल्यावर पुन्हा माप घेतलं.

"मागनं चार बोटं बसलं तर बसू दे," ते मला म्हणाले, यांना नाही. "पुढनं मात्र उठता कामा न्हाय. उठलं तर तू गाडीत बसू नको. आन त्यालाबी बसू देऊ नको."

पुढच्या खेपेला मी तीनदा माप घेतलं. पुढची खूण हलली नव्हती. तरी डोंगरीचा चढ लागला तशी मी दाराची कड धरली. काचेतून रस्ता दिसत होता, खडी दिसत होती, आणि मी तीच बघत राहिले. वळण आलं. यांनी चक्र फिरवलं, जेवढं फिरवलं तेवढाच ट्रक वळला.

वळणापुढे सपाटीवर यांनी गाडी थांबवली. मला वाटलं, काही बिघडलं. मी दगड घ्यायला वाकले, तर हे म्हणाले, "नको, राहू दे. जरा बसू." त्यांनी चक्र सोडलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"त्या दिवसापासून मला रोज हे वळण दिसतंय," ते म्हणाले. "डोळे मिटले की दिसतंय. तुला सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

"मलाही दिसतं," मी म्हणाले. "मी आले असते."

समोरून उत्तनच्या दोन बाया डोक्यावर टोपल्या घेऊन आल्या, आमच्याकडे बघत बघत गेल्या. मग यांनी इंजिन चालू केलं आणि आम्ही उतरणीला लागलो, अगदी सावकाश.