हरभऱ्याएवढं फूल

आमचे कॅक्टस वर्षभरात नखाएवढे वाढतात. किस्से मात्र दर रविवारी वाढतात, आणि त्यांना खतपाणीही लागत नाही! जळगाव-धुळ्याकडचे आम्ही दहा-बारा जण इवलाले कॅक्टस वाढवतो आणि त्यांचे फोटो काढतो. घरचे विचारतात, "काटेच आवडत होते तर बांधावरचे निवडुंग काय वाईट होते?"

आमचे म्होरके नाना. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक, मूळ एरंडोलकडचे, आता जळगावात. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे नियम त्यांचेच. पहिला: फोटोत मापासाठी शेजारी हरभऱ्याचा दाणा ठेवायचा. दुसरा: फोकस गेला की फोटो नापास.

वंदनाताई भडगावच्या दवाखान्यात नर्स. नवीन आल्या तेव्हा त्यांनी पहिला फोटो टाकला. दाण्यावरची सुरकुती न् सुरकुती स्पष्ट, मागे कॅक्टस म्हणजे नुसता हिरवा धूर. मग नानांचा निकाल आला:

"हरभरा झकास उना ताई. आते त्याले पानी टाका!"

तो मेसेज वंदनाताईंनी अजून जपून ठेवलाय.

*

मे महिन्यात नाना गच्चीवर हिरवी शेडनेट बांधतात. फारच तापलं तर नाजूक मंडळी खाली हॉलमध्ये कूलरसमोर येतात. अशाच एका दुपारी चाळीसगावहून त्यांचे मेहुणे आले. कूलरचा वारा सगळा कुंड्यांना, आणि मेहुणे कोपऱ्यात पुठ्ठ्याने वारा घेतायत.

"दाजी, हाई वाळवंटातलं झाड शे ना? मग त्याले कूलर, अन् माले पुठ्ठा?"

"भाऊ, वाळवंट त्याले झेपस. जळगाव नही झेपस!"

मेहुणे हसले. मग खुर्ची उचलून सरळ कुंड्यांच्या रांगेत जाऊन बसले.

*

माझी अब्रूही अशीच गेली. मी धुळ्यात शाळामास्तर. एका नर्सरीतून मी गुलाबी फुलाचा छोटा कॅक्टस आणला. फूल आठवडा टिकलं. दोन आठवडे टिकलं. महिना! मी रोज ग्रुपवर फोटो टाकायचो, "आजही टवटवीत!" शेवटी नाना बसने धुळ्याला आले, भिंग काढलं आणि फुलाभोवती फिरवलं.

"मास्तर, खत कोनतं टाकतस?"

"शेणखत. थोडंसंच."

"नही. गोंद टाकेल शे."

कुणीतरी वाळलेलं रंगीत फूल वर चिकटवून विकलं होतं! नानांनी मात्र ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. मीच सांगत सुटलोय, म्हणून तुम्हाला कळतंय.

*

अक्का म्हणजे नानांच्या पत्नी. माहेर सातपुड्याच्या पायथ्याशी, पावसावरच्या शेतीचं. झाड कोरडं दिसलं की त्यांचा जीव तुटतो. नाना तीन दिवस लग्नाला गेले, तर अक्कांनी सकाळ-संध्याकाळ तांब्या-तांब्याने पाणी घातलं. नाना परतले तेव्हा जवळपास एक अख्खी रांग कुजून बसलेली.

"तीन दिवस त्यास्ले तहानेलं ठेवू का?" अक्का रडवेल्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी गच्चीच्या दारावर पाटी लागली: "पाणी देऊ नये. माया असल्यास लांबून करावी."

त्या रांगेतली एकच कुंडी वाचली, कारण अक्कांना ती रिकामी वाटली होती. तिच्यात होतं 'बटण'. नानांनी बीपासून वाढवलेला, नऊ वर्षांचा, शर्टाच्या बटणाएवढा कॅक्टस. त्याला कधीच फूल आलं नव्हतं. आलंच तर एक दुपार उघडणार आणि मिटणार. नाना सगळ्यांना बजावून ठेवायचे, "याना फूलना फोटू मीच काढसू. तोवर माले मराले बी टाइम नही!"

*

गेल्या हिवाळ्यात नाना सरसकट सगळ्यांना नापास करू लागले. माझा फोटो, फोकस नाही. वंदनाताईंचा, फोकस नाही. ग्रुप चिडला. वंदनाताईंना मात्र वेगळीच शंका आली. त्यांनी नानांचाच एक जुना, उत्तम फोटो स्वतःचा म्हणून टाकला.

"फोकस नही," नानांनी लिहिलं.

वंदनाताईंनी त्याच आठवड्यात त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू! बाहेर येताना नाना एवढंच म्हणाले, "म्हंजे तुमना बठ्ठा फोटू पास व्हतात."

*

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी दुसऱ्या दिवशी सुटणार होती. तोवर वाकायचं नाही, गच्चीवर जायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. आणि नेमकं त्याच दुपारी अक्का गच्चीवरून धापा टाकत खाली आल्या.

"ओ, बटनले फूल उनं!"

नानांनी मला फोन केला. मी धुळ्यात शाळेत, वंदनाताई भडगावला ड्युटीवर. फूल चारपर्यंत मिटणार.

"नाना, निघतो लगेच," मी म्हणालो.

"राहू दे मास्तर. तू येवालोंग मिटी जाई."

आणि त्यांनी फोन ठेवला. मला फार वाईट वाटलं. नऊ वर्षं थांबलेला माणूस!

साडेतीनला ग्रुपवर नानांच्या नंबरवरून एक फोटो आला. अक्कांनी काढलेला. अक्कांनी त्याआधी आयुष्यात कधी फोटो काढला नव्हता. खिडकीतल्या उन्हात त्यांनी खाली आणलेली कुंडी होती. हरभऱ्याचा दाणा ठेवलाच नव्हता. फुलाच्या जागी एक पांढुरका ठिपका, पार पुसट. आणि मागे डोळ्याला पट्टी बांधलेले नाना, कुंडीकडे तोंड करून हसत होते. दाढीचा खुंट न् खुंट मोजता यावा इतके स्पष्ट.

नियम सगळ्यांना माहीत होता. शेवटी वंदनाताईंनी विचारलं, "नाना, निकाल?"

एक व्हॉइस मेसेज आला. आधी अक्कांचा आवाज, "काय सांगू त्यास्ले?"

मग नानांचा.

"सांग, फोकस बराबर शे."