माझी रॅम भंगार, अन् त्याची सोन्यासारखी?

मंडळी, आज राजापेठेत एका कॉम्प्युटरच्या दुकानात डोकं तापलं माझं.

मी लग्नाचे अल्बम बनवते. कॉम्प्युटर लय हळू चालून राहिला होता, म्हणून कॅबिनेट घेऊन फक्त प्रोसेसर बदलाले गेली. दुकानदार म्हणे, "ताई, नवीन प्रोसेसरले नवीन मदरबोर्ड लागते. त्यात तुमची जुन्या पिढीची डीडीआर-फोर रॅम बसत नाही. डीडीआर-फाइव्हच घ्या लागंन." भाव ऐकूनच घाम फुटला.

"मंग माह्या रॅमचं काय?"

"भंगार झाली आता. टाकून जा इथंच."

तेवढ्यात एक काका आले. त्यायले जुन्या कॉम्प्युटरसाठी डीडीआर-फोरच पायजे होती. दुकानदारानं कपाटातून तशीच रॅम काढली अन् माह्या खरेदीच्या दुप्पट भाव सांगितला! वरून म्हणे, "माल भेटूनच नाही राहिला, काका."

मी म्हटलं, "भाऊ, मलेबी त्यातल्या दोन द्या. भंगाराच्या भावात."

काका हसले.  मंग दुकानदाराले आठवलं, का माह्या जुन्याच बोर्डवर चालणारा तेज प्रोसेसरबी येते!

तो घेतला, पण दुसऱ्या दुकानातून. रॅम माहीच हाय, जागच्या जागी.

तुमच्या वस्तूले कोणी भंगार म्हटलं, तं आधी त्याच्या कपाटात पाहता का तुमी?