शेठची पँट आणि ओढ्याचं माप

टाचणीआत्याने लाँड्रीवाल्या शेठची पँट चोरली आणि काठीला बांधून पुलावर फडकवली, ही बातमी गल्लीत अजून फिरते. सांगणारा बदलला की पँटही बदलते. पेपरवाल्याच्या तोंडी ती निळी असते, भाजीवालीच्या तोंडी चट्ट्यापट्ट्यांची. न्हाव्याने तर एकदा एका गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सांगितलं, की फडकली तेव्हा शेठ आतच होते.

सगळं झूट. एक तर पँट राखाडी होती. शिवाय ती चोरलेली नव्हती, शेठनी स्वतःच्या हाताने उतरवून, पडद्यावरून, "लवकर हं, समजलं ना?" असं म्हणत आत्याकडे दिली होती. फडकवायचं म्हणाल, तर ती नुसती आत्याच्या खांद्यावर होती. ओली झाली ती नंतर.

आत्या म्हणजे कोपऱ्यावरची टेलर. तिच्या तोंडात सदानकदा पाच-सहा टाचण्या, म्हणून हे नाव. त्यामुळे तिचं बोलणं ओठांच्या फटीतून सरकत बाहेर येतं, आखूड आणि सपाट. "हात वर. श्वास सोडा. पोट आत घेऊ नका, मला कळतं." माणूस घाबरून पोट सोडतो आणि माप खरं येतं.

दुकान एवढंसं. पुढे काउंटर, मध्ये दोन मशिनी, कोपऱ्यात पडदा लावून केलेली ट्रायल रूम. तिला हातरुमालाएवढी खिडकी. मागच्या दाराला तीन पायऱ्या, आणि चौथी पायरी म्हणजे ओढाच. रविवारी दुकान बंद ठेवून आत्या त्याच पायऱ्या उतरते, गुडघ्यापर्यंत पाण्यात उभी राहते आणि बरोबर एक तास गळ टाकते. गळाला गांडूळ नाही, कणीक नाही. गिऱ्हाइकांच्या कापडाची कातरण! दोन धागे, एक चिंधी, वर गाठ, की झाली माशांना फसवणारी खोटी माशी तयार. मुख्याध्यापकांच्या सुटाला मासे हुंगूनही पाहत नाहीत आणि नर्सबाईंच्या स्वेटरवर तुटून पडतात, हे ज्ञान जगात फक्त तिच्याकडे आहे.

पकडलेला मासा ती सोडून देते. त्याआधी दहा दगड उलटून खाली कोण कोण राहतं ते बघते, आणि प्रत्येक दगड होता तसा परत ठेवते. "कुणाचं छप्पर उचलून बघितलं तर परत घालावं," ती म्हणते. दगडाखाली एक बारका किडा असतो, वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळी करणारा. आत्या त्याला 'मास्तर' म्हणते. मापाचे कपडे स्वतः शिवून घालणारा तिच्या ओळखीतला तो एकटाच.

मग वर येऊन ती मापांची वही काढते. पुढून गिऱ्हाइकं: छाती, कंबर, उंची. मागून ओढा: पाणी गुडघ्याच्या किती वर, दगडांखाली किती जण, तासाला मासे किती. बारा वर्षं हे चाललंय. पुढची पानं आणि मागची पानं सरकत सरकत वहीच्या मध्यावर आली, तेव्हा एक दिवस समोरासमोरच्या दोन पानांकडे बघून आत्याच्या तोंडातली एक टाचणी खाली पडली.

डावीकडे लाँड्रीवाले शेठ. पहिलं माप, कंबर चौतीस. मग छत्तीस, अडतीस, चाळीस, बेचाळीस. उजवीकडे ओढा. त्याच वर्षांत मासे एकोणीस, पंधरा, अकरा, सात, तीन.

शेठची कंबर दोन इंच वाढली की ओढ्यातले चार मासे गायब! गणित सरळ होतं. लाँड्री भरभराटली, एक मशीन होतं त्याची तीन झाली, शेठ सुटले. आणि रोज साडेदहाला तिन्ही मशिनींचं साबणाचं पाणी मागच्या पाइपातून ओढ्यात सुटायला लागलं. ते सुटलं की दोन तास ओढ्यावर नुसता फेस. मासे वरच्या अंगाला झऱ्याकडे पळायचे. पळता येणारे.

अशात नगरपालिकेचा कागद आला. मागचं पाणी मेलेलं आहे असं कळतं, सबब त्यावर स्लॅब टाकून पार्किंग करण्याचं योजलं आहे. बुधवारी अकरा वाजता साहेब पाहणीला येतील. पाण्यात काही जिवंत असल्यास तेव्हाच दाखवावं, नंतर तक्रार चालणार नाही.

आत्याने कागद दोनदा वाचला. गिऱ्हाईक जाड होतं, बारीक होतं, कधी मरतंही. पण माप घ्यायला जावं आणि गिऱ्हाइकावर सिमेंट ओतलेलं असावं, हे तिच्या धंद्यात बसत नव्हतं.

सोमवारी ती लाँड्रीत गेली. शेठ तिला पहिल्यापासून पाण्यात बघायचे. त्यांची बोलायची एक तऱ्हा आहे. वाक्य संपलं की त्यावर 'समजलं ना'ची इस्त्री फिरवतात.

"शेठ, बुधवारी सकाळी पाणी सोडू नका. एवढा एक दिवस."

"बाई, स्लॅब पडला की माझ्या तीन व्हॅन उभ्या राहतील. समजलं ना? आणि तुमच्या दुकानातले डास जातील. समजलं ना? उलट बुधवारी मी दोन टाक्या जास्तच सोडणार आहे. साहेबांना म्हणावं, बघा काय ते जिवंत!"

"किल्ली कामगाराकडे द्या, शेठ. रोज किती वाकाल?"

"कामगारांवर विश्वास? छे! पाइपाच्या कुलपाची किल्ली माझ्या खिशात. झोपतानासुद्धा. समजलं ना?"

"समजलं," आत्या म्हणाली. तिला खरोखरच समजलं होतं.

मंगळवारी संध्याकाळी शेठ आपण होऊन दुकानात आले. काखेत राखाडी सुटाची पँट. उद्या साहेबांपुढे उभं राहायचं, आणि कंबरेला बटण काही पोचेना.

"मागून दोन इंच सोडते," आत्या म्हणाली, "पण आत्ता कच्चा टाका घालून देते. उद्या दुपारी आणून द्या, मशीन मारते. तोवर वाकायचं नाही."

"मी? मी कुणापुढे वाकत नाही बाई! समजलं ना?"

आता तीस वर्षं शिवणाऱ्या टेलरला दोन इंच शिवणीवर मशीन मारायला किती वेळ लागतो? चार मिनिटं. आत्याकडे ती चार मिनिटं नव्हती का? आजही विचारलं, की ती तोंडात टाचण्या आहेत अशी खूण करते. तसं बघायला गेलं तर तिने सांगितलं होतं. वाकू नका म्हणजे वाकू नका.

पाइपाचं कुलूप घोट्याएवढ्या उंचीवर आहे.

बुधवारी साडेदहाला शेठ कोट, टाय, चकाचक बूट अशा थाटात लाँड्रीच्या मागे गेले, खिशातून किल्ली काढली आणि वाकले. टर्रकन आवाज झाला. तो तीन दुकानं पलीकडे, मशिनीवर पाय थांबवून बसलेल्या आत्याला ऐकू आला. पुढच्याच मिनिटाला शेठ किल्ली परत खिशात कोंबून, पाठीमागे फाइल धरून, भिंतीला पाठ घासत खेकड्यासारखे आडवे चालत दुकानात शिरले.

"बाई! अहो बाई! गेली!"

"वाकलात?"

"थोडासा."

"आत जा. काढून द्या."

शेठ पडद्याआड गेले. पँट पडद्यावर आली. आत्याने ती खांद्यावर टाकली, गळ्यात टेप होताच, कोपऱ्यातला गळ आणि बादली उचलली, आणि मागच्या दाराने तीन पायऱ्या उतरली.

साहेब आले ते सर्दी घेऊन. नाक इतकं चोंदलेलं, की 'म'चा 'ब' आणि 'न'चा 'द' होत होता. एका हातात कागदाची पाटी, दुसऱ्यात रुमाल.

"तत्त्वतः," साहेब म्हणाले, "इथे बासे दाहीत."

"आहेत साहेब."

"अर्धा तास देतो. बला अजूद दोद ठिकाणी जायचंय."

आत्याने आधी दगड उलटला. खाली दोन मास्तर, आणि तीन शेपट्यांचं एक चपळ पिल्लू.

"हे किडे आहेत बाई. किडे ब्हणजे घाण."

"घाणीतले वेगळे, साहेब. ते तांबडे असतात, चिखलात. यांना श्वास लागतो. पाणी गुदमरलं की हे पहिले जातात. हा बघा, हा आमच्या धंद्यातला. स्वतःचा कोट स्वतः केलाय."

साहेबांनी वाकून बघितलं. नळीतून एक डोकं बाहेर आलं, साहेबांकडे बघून परत आत गेलं. "तत्त्वतः फिटिंग चांगलं आहे," साहेब म्हणाले. "पण कागदावर बासा लिहिलाय. किडा चालत दाही."

आत्याने गळ टाकला. नर्सबाईंच्या स्वेटरची माशी. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पाणी आरशासारखं स्वच्छ होतं, पण मासे वरून अजून खाली यायला तयार नव्हते. बारा वर्षांची सवय, साडेदहाला फेस येणारच! त्यांना काय ठाऊक, फेस आज आत्याच्या खांद्यावरच्या खिशात आहे. पंधरा मिनिटं. आत्याने ओठांत टाचण्या इतक्या घट्ट धरल्या, की एक वाकली.

इतक्यात वरच्या खिडकीतून आवाज आला, "बाई! पँट!"

साहेबांनी वर बघितलं. "कोण आहे?"

"गिऱ्हाईक. मापात आहे."

"लाँड्रीचे शेठ बला भेटणार होते. कुठे राहिले?"

"येतील. तयार होतायत."

आत्याने खांद्यावरच्या पँटीकडे बघितलं. उसवलेल्या शिवणीतून राखाडी लोकरीचा एक धागा लोंबत होता, वाऱ्यावर थरथरत होता, अगदी पंख फुटल्यासारखा. तिने तो दाताने तोडला, गळाला तीन वेढे दिले, वर गाठ मारली, आणि झऱ्याच्या तोंडाशी गळ फेकला.

पाण्याला टेकला न टेकला तोच ओढ!

पहिला मासा बोटाएवढा, चंदेरी. बादलीत टाकला. दुसरा त्याहून मोठा. तिसऱ्याला साहेबांनी स्वतः हात घातला, तो सुळकन निसटला, त्याच्या मागे साहेबांचा उजवा बूट पाण्यात गेला, आणि त्याच्या मागे आत्याच्या खांद्यावरची पँट. साहेब मात्र हसत होते. "आहेत! तत्त्वतः आहेत!"

"साहेब, अजून एक दाखवायचंय," आत्या म्हणाली. तिने ओल्या पँटीच्या खिशातून किल्ली काढली. "टेलरने खिसे तपासून घ्यायचे असतात. ही सापडली. तो पाइप दिसतो का? नळ अर्धाच फिरवा. लगेच बंद करा."

साहेबांनी वाकून कुलूप उघडलं. साहेबांची पँट पक्क्या टाक्याची होती. नळ अर्धा फिरला आणि पांढरा फेस भसाभसा त्यांच्या उरलेल्या बुटावर चढला. झऱ्याजवळ चार-पाच चंदेरी रेघा चमकल्या आणि वर पळाल्या. साहेब हसायचे थांबले. नळ बंद करून त्यांनी बादलीतले दोन मासे पुन्हा मोजले. मग पाटीवर लिहिलं: "ओढा जिवंत आहे." कागदाला सर्दी नसते.

लगेच काही सगळं सुतासारखं सरळ झालं नाही. स्लॅबचा कागद रद्द झाला नाही, नुसता पुढे ढकलला गेला, आणि अजूनही कुठल्यातरी कपाटात आहे. शेठना मात्र साबणाचं पाणी निवळायची टाकी बांधायचा हुकूम आला. आठ महिने ते आत्याशी बोलले नाहीत. कपडे शिवायला शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले, तिथे पोट आत घेऊन मापं दिली, आणि दोन्ही सदरे छातीवर फुटल्यावर गुपचूप परत आले.

आता भाचीबद्दल. आत्याला एक भाची आहे. गल्लीतल्या सगळ्यांचे आवाज काढते: शेठची इस्त्री, साहेबांची सर्दी, ओठांत काड्या धरून आत्यासुद्धा. तर या भाचीने ती वही बघितली, डावं पान, उजवं पान, आणि तिला वाटलं आपल्याला जगाचं रहस्य कळलं.

"आत्या, म्हणजे आता मासे दहाच्या वर गेले, की शेठची कंबर चाळिसाच्या खाली येणार!"

"वाढेल."

"कसं शक्य आहे? बारा वर्षांचा पुरावा आहे!"

"वाढेल. लावतेस पैज?"

पैज अशी: भाची जिंकली तर आत्याने महिनाभर टाचण्या न धरता बोलायचं. आत्या जिंकली तर भाचीने महिनाभर तोंडाने कुणाची नक्कल करायची नाही.

वर्षाने एका रविवारी आत्या तासभर गळ टाकून वर आली. मासे अकरा. भाची नाचायला लागली. सोमवारी शेठ माप द्यायला आले.

"हात वर," आत्या म्हणाली. "पोट आत घेऊ नका." तिने टेप गुंडाळला आणि भाचीला वाचायला लावला.

साडेत्रेचाळीस.

"असं कसं?" भाची किंचाळली.

"टाकी आपोआप चालते ना आता," शेठ खुशीत म्हणाले. "पूर्वी रोज सकाळी नळापाशी धावायचो, वाकायचो. आता वाकायचं कामच उरलं नाही. रविवारी स्टूल घेऊन बसतो ओढ्यावर. शेजारी बिस्किटांचा डबा. गळ टाकला की नुसतं बसायचं. समजलं ना?"

आत्याला हे पैज लावतानाच ठाऊक होतं. त्या स्टुलाची गादी तिनेच शिवली होती.

भाचीच्या त्या महिन्याचे आज अकरा दिवस झालेत. शेठ समोरून गेले तरी ओठ घट्ट मिटून उभी राहते. पण पैज तोंडाची होती. हाताचं कुणी काही बोललं नव्हतं, म्हणून तिने हे लिहून काढलं.