कोरं कापड

वडलांबद्दल चांगलंच बोलायचं असेल तर मला बोलावत जाऊ नका, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.

गुलमंडीवर आमचं कापडाचं दुकान होतं. लग्नाचा बस्ता बांधायला पार जालन्याहून लोक यायचे. दुष्काळात वडील करमाडकडं खडी फोडायचं सरकारी काम बघायला गेले, तिथल्या बायांच्या अंगावरच्या चिंध्या बघून आले आणि दुसऱ्याच दिवशी दुकानातले तागे गाडीत भरून वाटून टाकले. इथवर मला अभिमानच आहे. पण दगडांच्या ढिगावर उभं राहून त्यांनी शब्दही दिला, की मराठवाड्यातली एक जरी बाई फाटक्यात राहिली, तरी माझ्या घरातली बाई कोरं कापड नेसणार नाही. टाळ्या लई पडल्या म्हणे. आईला हे शेजारणीकडून कळलं.

तेव्हापासून लोक त्यांना शेठ सोडून भाऊ म्हणायला लागले. मोर्चे, तुरुंग, मग निवडणूक. दुकान विकलं. गावाबाहेर कारखाने आले, माळरानावर कॉलन्या उठल्या, आणि आई फाटलेलं कापून दंड घातलेल्या लुगड्यात त्यांच्या कार्यकर्त्यांना चहा देत राहिली. माझ्या लग्नातसुद्धा तिनं जुनंच नेसलं. सासरच्या बाया पदराआड हसल्या. एकदा बाजारात एका लुगड्याचा काठ तिनं चिमटीत धरून बघितला. "पोत चांगलं हाय," म्हणाली. मी घेऊ म्हटलं, तर म्हणे, "नको बाई, पेपरात येईल."

वडलांना सत्कारात शाली मिळायच्या, त्या मात्र चालायच्या. शाल मानाची असते, ते काय कापड नव्हे! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. आई त्या शाली डांबरगोळ्या घालून जपून ठेवायची. मला अजून चीड येते.

ती सवाष्ण गेली. अहेव बाईला शेवटी माहेरचं नवं हिरवं लुगडं नेसवतात. तिच्या माहेरी कुणी उरलं नव्हतं, म्हणून मीच घेऊन गेले. वडलांनी पिशवी बघितली आणि हळूच म्हणाले, "धुतलेलं जुनंच नेसवा. बाहेर पेपरवाले आलेत."

"शब्द तुम्ही दिला होता, दादा. तिला विचारलं होतं का?"

ते बाहेर पेपरवाल्यांकडं गेले. मी दार लावून घेतलं. कोऱ्या कापडाला खळ असते, निऱ्या बसेनात. आईच्या दोघी जावांनी धरलं तेव्हा कुठं नेसवून झालं. माझ्या आईला हिरवा रंग इतका शोभतो हे मला ठाऊकच नव्हतं.

घाटावर वडील बोलायला उभे राहिले. समोर ती नव्या लुगड्यात, आणि हे सांगतायत, "हिनं माझा शब्द मरेपर्यंत पाळला." लोक रडत होते. मला वाटलं ओरडावं, पण ओरडायचं काय? त्यात खोटं काहीच नव्हतं. एवढ्या मोठ्या कापडवाल्याच्या बायकोला एक नवं लुगडं मिळायला मरावं लागलं.